गुडघा कुठल्या राज्यात झिजला?

पलंगावरून उतरताना हात आधी भिंत शोधतो. मग पाय जमिनीला टेकतात आणि गुडघ्यातून कर्रकन आवाज येतो. वय अजून पन्नाशीच्या अलीकडेच. अमेरिकेत व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल (अंगावर धडका देत, चेंडू हातात घेऊन खेळतात तो) खेळून थांबलेल्या कितीतरी जणांची सकाळ अशी सुरू होते.

गुडघा गेला, यावर वाद नाही. वाद आहे तो कुठे गेला, यावर.

कामावर इजा झाली की भरपाई मिळते, पण अमेरिकेत हा कायदा ज्या-त्या राज्याचा. फ्लोरिडात तर व्यावसायिक खेळाडूंना तो लागूच नाही. म्हणून वर्षानुवर्षं खेळाडू कॅलिफोर्नियाचं दार ठोठावत आले. तिथे एका फटक्याची इजा धरतात, तशी रोजच्या आदळआपटीने साचलेली झीजही धरतात. दुखणं कामामुळेच आलं हे उमगायला उशीर लागतो, हेही तिथल्या कायद्याला मान्य आहे.

रायन बोवेन हा फ्लोरिडा मार्लिन्सचा बेसबॉलपटू. त्याने करारावर सही केली कॅलिफोर्नियात. इजा झाली राज्याबाहेर. 1999 मध्ये कोर्टाने सांगितलं: करार इथे झाला, दावा इथे चालेल.

एड्रिएन जॉन्सनचं तसं झालं नाही. ही बास्केटबॉलपटू 2003 च्या हंगामात कनेक्टिकट सन या संघाकडून कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसमध्ये एकच सामना खेळली होती. एका सामन्यावर दावा टिकत नाही, असा निकाल 2013 मध्ये लागला. तो मला समजू शकतो.

समजत नाही तो त्याच वर्षी कॅलिफोर्नियात झालेला कायदा. बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल, आइस हॉकी आणि सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल), एवढ्या पाचच खेळांसाठी. शेवटच्या वर्षीचा संघ आणि करार राज्याबाहेरचा असेल, तर साचलेल्या इजेसाठी दोन अटी. पहिली, कॅलिफोर्नियाच्या संघाकडून किमान दोन हंगाम, नाहीतर कारकिर्दीतले निदान 20 टक्के कामाचे दिवस त्या राज्यात किंवा तिथल्या संघासाठी. दुसरी, बाहेरच्या संघांकडे सातपेक्षा कमी हंगाम.

म्हणजे बघा. एखादा दोन हंगाम कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला खेळला, मग राज्याबाहेर डेन्व्हरला गेला. तिथे सहा हंगाम खेळून थांबला, तर त्याचं ऐकून घेतील. सातवा खेळला, की दार बंद. ओकलंडच्या मैदानावर झिजलेली कूर्चा मात्र त्याच गुडघ्यात असते, आणि ती काही परत वाढत नाही.