शेजाऱ्याचं एक्स्टेन्शन आणि मधली भिंत

नमस्कार श्रोतेहो. हॅरो असो, हाउन्स्लो असो की लेस्टर, आपल्यातले पुष्कळ जण एकमेकांना चिकटलेल्या घरांत राहतात. मुलं मोठी होतात, भारतातून आईबाबा मुक्कामाला येतात, घर पुरेनासं होतं आणि कुणीतरी मागे स्वयंपाकघर वाढवायला काढतं, नाहीतर वर लॉफ्टमध्ये खोली. आज मी बोलणार आहे ते बांधणाऱ्याशी नाही, त्याच्या शेजाऱ्याशी. ज्याच्या दारातून एके दिवशी पार्टी वॉलची, म्हणजे दोन घरांमधल्या सामाईक भिंतीची, नोटीस आत पडते, त्याच्याशी.

ही नोटीस ज्याखाली येते, तो पार्टी वॉल कायदा 1996चा. 1 जुलै 1997 पासून तो इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला. स्कॉटलंडला तो लागू नाही. लंडनमध्ये मात्र सामाईक भिंतींचे नियम त्याच्या कितीतरी आधीपासून होते, कारण 1666च्या आगीने शहराला भिंतीची किंमत शिकवली होती. हे विधेयक लॉर्ड्सच्या सभागृहात मांडलं अर्ल ऑफ लिटन यांनी. स्वतः पेशाने सर्व्हेअर, म्हणजे इमारतींची पाहणी करणारे तज्ज्ञ. आणि शाळेत आपण ज्या व्हाइसरॉय लिटनबद्दल शिकलो, 1878मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारे, त्यांचे हे पणतू! पणजोबांपेक्षा पणतूचा कायदा आपल्या जास्त कामाला आला, असं माझं मत.

कौन्सिलची परवानगी मिळाली म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कौन्सिलचा या कायद्याशी संबंधच नाही. हा मामला दोन मालकांमधला. मधल्या भिंतीत लॉफ्टसाठी लोखंडी तुळई बसवायची, धुराड्याचा खोलीत आलेला फुगवटा काढायचा, तर दोन महिने आधी नोटीस. हद्दीच्या रेषेवर नवी भिंत उभारायची, किंवा तुमच्या घरापासून 3 मीटरच्या आत घराच्या पायापेक्षा खोल खणायचं, तर एक महिना आधी. खणणं खूपच खोल असेल तर हेच अंतर 6 मीटरपर्यंत जातं. नुसतं प्लास्टर करायला किंवा भिंतीला फळी ठोकायला नोटीस लागत नाही.

नोटीस आली की उत्तराला 14 दिवस. इथे आपल्या माणसांचं दोन टोकांना जातं. एक तर शेजारी चहाला बसलेला असताना, 'अहो, त्यात काय!' म्हणत सही. नाहीतर थेट 'माझ्या भिंतीला हात लावायचा नाही!' दुसऱ्याने काही साधत नाही, कारण कायद्यात बसणारं काम तुम्ही अडवू शकत नाही. ते कसं आणि कधी व्हावं, एवढंच ठरवून घेऊ शकता. आणि पहिल्याबद्दल आपल्याकडे म्हणतातच, भीड भिकेची बहीण.

फॉर्मवर असहमतीची खूण केली म्हणजे शेजाऱ्याशी वैर घेतलं, असं मुळीच नाही. तेवढ्याने सर्व्हेअर नेमायची वाट मोकळी होते. दोघांनी मिळून एक नेमा किंवा प्रत्येकाने आपापला. खर्च बहुधा बांधणाऱ्याकडेच जातो. गप्प बसलात तरी, मधल्या भिंतीच्या किंवा खोदकामाच्या नोटिशीत, वाद आहे असंच धरतात आणि पुढे तुम्ही सर्व्हेअर नेमायला टाळाटाळ केलीत तर समोरचा तुमच्या वतीने नेमू शकतो. मग सर्व्हेअर जो लेखी निवाडा देतात, त्यात कामाची पद्धत येते आणि वेळाही.

पण मला विचाराल तर सगळ्या कागदांत मोलाचा एकच: काम सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीची नोंद. सर्व्हेअर तुमच्या दिवाणखान्यात येतो, छताच्या कडेची केसाएवढी चीर मोजतो, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग फोटोत घेतो, घासत उघडणारं दार लिहून ठेवतो. जुन्या घरांचा पाया उथळ, त्यात लंडनची चिकणमाती उन्हाळ्यात आकसते. भेगा आधीपासून असतातच. नोंद नसेल तर सहा महिन्यांनी कोणती भेग कुणाची, हे कोण सांगणार? संमती द्यायचीच असेल तर 'ही नोंद आधी करून घ्या' या अटीवर द्या. संमती दिली म्हणून नुकसानभरपाईचा हक्क जात नाही, पण पुराव्याविना तो कागदावरच राहतो.

आता अवघड भाग. शेजाऱ्याने नोटीसच दिली नाही आणि खणायला सुरुवात केली तर? 2023मध्ये अपील न्यायालयाने स्पष्ट केलं की नोटीसच नसेल तर या कायद्याखालची सर्व्हेअरची यंत्रणा तुम्ही एकट्याने सुरू करू शकत नाही. म्हणजे कोर्टातून मनाई हुकूम आणायचा, नाहीतर नुकसानीचा दावा करायचा. दोन्ही महाग. म्हणून पलीकडच्या अंगणात विटा उतरताना दिसल्या, की त्याच दिवशी कुंपणावरून विचारा, 'नोटीस कधी देताय?' सरकारी माहितीपुस्तिकेत नोटिशीचे नमुने फुकट आहेत, त्याला दाखवा.

काम संपल्यावर सर्व्हेअरला जुनी नोंद हातात घेऊन पुन्हा एक फेरी मारायला सांगा. आणि ते कागद घराच्या दस्तऐवजांत ठेवा, कारण उद्या दोघांपैकी कुणीही घर विकायला काढलं, की खरेदीदाराचा सॉलिसिटर ते मागू शकतो.