देवघरातला लसणीचा वास

नमस्कार, श्रोतेहो. रोपवाटिकेत ‘सोसायटी गार्लिक’ या नावाने मिळणारे तुल्बाघियाचे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेतले आणि लसणीच्याच कुळातले आहे. तिथल्या केप वसाहतीचे डच गव्हर्नर तुल्बाख यांनी तिकडच्या वनस्पती स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांना पाठवल्या होत्या, म्हणून लिनियस यांनी १७७१ मध्ये या प्रजातीला तुल्बाख यांचे नाव दिले. कुंपणावर चढणारी आपली लसणी वेल निराळी. तिला वास लसणीचा असला, तरी कूळ लसणीचे नाही.

या झाडाच्या जांभळट फुलांना मंद गोड वास येतो, पाने आणि देठ मात्र चुरडले की लसणीचा. हे आमच्या गुहागरच्या घरी गणेशचतुर्थीला कळले. काकूंनी तुळशीजवळची ही फुले लांब देठांसकट खुडली, देठ नखाने चिरले आणि पेला भरून मखरात ठेवला. काकू चातुर्मासात लसणीची पाकळीही घरात येऊ देत नाहीत. मोदकांचे पहिले चाळण उतरते न उतरते तोच त्यांच्या नाकाने वास टिपला. त्यांनी सारण हुंगले, पाटा हुंगला आणि धाकट्या सुनेला मिक्सरचे भांडे तीनदा घासायला लावले. (घरात काही बिघडले की पहिला संशय सुनेवरच का जावा, हे मला आजवर उमगलेले नाही.) वास काही हटेना. शेवटी पूजेला बसलेल्या गुरुजींनी पेल्यातला एक देठ नाकाशी नेला आणि शांतपणे म्हटले, “वहिनी, लसूण स्वयंपाकघरात नाही, मखरात आहे.” सूनबाईंनी एक अक्षर न बोलता पेला उचलला आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवला.

अख्खी लसूण वास देत नाही, ठेचली की देते, इथेही तसेच. पेशी फुटल्या की गंधकयुक्त द्रव्य आणि विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि वास सुटतो. म्हणून सांगतो, फुले झाडावरच हुंगावीत, देठ चुरडू नयेत.

लागवडीत जपायचे ते पाण्याला. मुळाशी पाणी साचू देऊ नये. आपल्या पावसात तर मुळीच नाही. जांभ्याच्या मातीत वाळू मिसळून उंच वाफा करावा, किंवा कुंडी पागोळ्यांपासून दूर ठेवावी. ऊन मात्र भरपूर हवे.

आमचे रोप आता विहिरीच्या कठड्याशी आहे. कार्तिकी एकादशी उलटली, की काकू स्वतः त्याची पाने कातरून घावनाच्या पिठात घालतात.