सावली दिसली? मग थंडी बाकी आहे!

(हातात गुबगुबीत, तपकिरी प्राण्याचं मोठं चित्र)

नमस्कार बालदोस्तांनो! ओळखा पाहू हा कोण? ससा? छे. उंदीर? मुळीच नाही! हा आहे ग्राउंडहॉग. आपल्या खारुताईच्याच घराण्यातला, पण अंगानं चांगला मांजराएवढा. राहतो अमेरिकेत आणि कॅनडात, जमिनीखाली बीळ करून.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात एक छोटं गाव आहे, पंक्सटॉनी. म्हणा बरं माझ्याबरोबर, पंक्स-टॉ-नी! तिथे १८८७ पासून २ फेब्रुवारीला एक गंमत चालते. कडाक्याच्या थंडीत, भल्या पहाटे माणसांची ही गर्दी! उंच काळ्या टोप्या घातलेले काका येतात आणि फिल नावाच्या ग्राउंडहॉगला बाहेर काढतात. फिलला स्वतःची सावली दिसली, की थंडी अजून सहा आठवडे. नाही दिसली, तर वसंत ऋतू लवकर येणार!

थांबा थांबा. सावली दिसली म्हणजे ऊन पडलं. मग थंडी पळायला नको का? पण आठवा, आपल्याकडेही हिवाळ्यात आभाळ भरून आलं की थंडी कमी होते, आणि आकाश मोकळं असलं की सकाळी दात वाजतात. तिकडेही तसंच.

ही समजूत जर्मनीतून तिकडे गेलेल्या लोकांनी सोबत नेली. जर्मनीत सावली बघायचं काम बॅजर नावाच्या प्राण्याकडे होतं.

मग फिलचं म्हणणं खरं ठरतं का? (कॅमेऱ्याजवळ येऊन, हळूच) निम्म्या वेळासुद्धा नाही! टोपीवाले काका म्हणतात, फिलची भाषा आम्हाला कळते. मला विचाराल तर सगळं काकांच्याच डोक्यातून येतं.

पण जंगलातला ग्राउंडहॉग फेब्रुवारीत खरंच बाहेर येतो बरं का! अख्खा हिवाळा तो झोपलेला असतो. तुमच्या-माझ्यासारखा नाही. अंग गारेगार, श्वास अगदी सावकाश. जागेपणी त्याचं हृदय मिनिटाला साधारण ८० वेळा धडधडतं. (टेबलावर भराभर) टक टक टक टक! झोपेत जेमतेम ५ ते १० वेळा. टक... (मुलांना बोटं मोजायला लावा, आठपर्यंत)... टक!

अशा झोपेतून फेब्रुवारीत नर उठतो, बर्फ तुडवत शेजारणींच्या बिळांपाशी जातो. कोण कुठे राहतं, ते पाहून ठेवायला! पोटात काही नसतं, पण खाणार काय? गवत तर बर्फाखाली. मग घरी येऊन पुन्हा झोपतो, थेट मार्चपर्यंत. सावलीबिवली बघायला त्याला वेळ कुठे आहे!