पाडव्याच्या आतली कामं

मंडळी, ज्वारी काढून झाली की आपण जरा टेकतो. रास घरात आली, आता मृगापर्यंत रानात काय काम, असं म्हणतो. मला हे पटत नाही. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर गेला की हातात काही उरत नाही. उन्हाळ्याची तजवीज आत्ताच, पाडव्याच्या आत झाली पाहिजे.

आधी रानाचं बघू. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की खोलवरची ओल त्यातून उडून जाते. बागेत कोळपं फिरवून भेगा बुजवा. मोकळ्या रानात थोडी ओल आहे तोवर नांगर घाला, उताराला आडवा. इथं कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे आणि पडलेलं पाणी जमिनीतच धरायचं, हाच त्याचा गाभा राहिलाय.

नांगरटीचं दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. ज्वारीची धसकटं तशीच राहिली आणि अवकाळीची एखादी सर आली की त्यांना कोवळे फुटवे येतात. उन्हाळ्यात हिरवं दिसल्यावर जनावर तिकडं ओढ घेणारच. पण त्या फुटव्यांतून पोटात सायनाइड तयार होतं. जनावराला किरळ लागली म्हणतो, ती हीच. तोंडाला फेस येतो, धाप लागते, पाय लटपटतात, आणि जास्त खाल्लं असेल तर बघता बघता जनावर आडवं होतं. घरगुती उपायात वेळ घालवू नका. डॉक्टरांना फोनवरच किरळीचा संशय सांगा, म्हणजे ते सोडियम थायोसल्फेट सोबत घेऊन निघतील. नीट वाळलेल्या कडब्याला ही भीती नसते.

कडब्याची बनीम, म्हणजे पेंढ्यांची गंजी, मात्र विजेच्या तारांखाली रचू नका. वाऱ्यानं तारा घासल्या, एक ठिणगी पडली की वर्षाची वैरण गेली. बनीम गोठ्यापासूनही लांब असू द्या. आणि वैरण कुट्टी करूनच घाला. अख्खी पेंढी टाकली तर जनावरं पाला खातात आणि बुडखे तुडवतात. ऊस गेलेल्या रानातलं पाचट पेटवू नका, सरीत पसरा.

आता ठिबक. आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं. ऐन उन्हाळ्यात तोट्या बुजल्या तर झाड सुकल्यावरच कळतं. आत्ताच नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडा; आधी गढूळ, पांढरट येईल, स्वच्छ येईपर्यंत थांबा. तेवढ्यानं भागलं नाही तर आम्लाची प्रक्रिया करा. तेव्हा आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नका. घरातल्या पोरांना यातलं काही करायला सांगू नका.

डाळिंबवाल्यांना एक कळकळीनं सांगतो. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याचा, धरलाय, फळं लिंबाएवढी झालीत आणि विहीर तळाला चाललीय, असं असेल तर टँकरच्या भरवशावर राहू नका. पाणी किती दिवस पुरेल याचा हिशेब आजच करा. पुरत नसेल तर फळं विरळ करा, अगदीच कमी असेल तर सगळी उतरवा. जीव तुटतो, मला ठाऊक आहे. पण झाड राहिलं तर पावसाळ्याच्या तोंडावर मृग बहार धरता येतो.