‘बघू’ म्हणणारी तीन मुलं
(ठाण्यात टीवायचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

‘पुढे काय?’ असं विचारलं की एक मुलगी म्हणते, ‘बघू.’ दुसरा म्हणतो, ‘एमबीए किंवा एमपीएससी, ठरत नाहीये.’ तिसरा म्हणतो, ‘मला डिझाइन करायचंय, घरच्यांना सीए हवंय.’ आपण तिघांनाही ‘कन्फ्यूज्ड’ म्हणतो आणि तिघांनाही एकाच करिअर मेळाव्याला धाडतो. तिथून मुलं पिशवीभर पत्रकं घेऊन येतात, आणि गोंधळ होता तिथेच राहतो.

गाटी, क्राउझ आणि ओसिपॉव या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली या अडचणींची वर्गवारी मांडली: ३ गट, १० उपप्रकार. पहिल्या गटात मन तयारच नसतं. इच्छा नाही, किंवा ‘एकदा निवडलं की जन्माची गाठ’ अशी समजूत घट्ट बसलेली. दुसऱ्या गटात माहिती नाही: स्वतःची, कामांची, ती मिळवायची कशी याची. तिसऱ्यात माहिती भरपूर, पण ती आपसात भांडते.

पत्रकांचा उपयोग होतो तो मुख्यतः दुसऱ्या गटाला. पहिल्या गटातल्या मुलीला आणखी दहा कोर्स दाखवा, ती आणखी मागे सरकेल. तिसऱ्याला माहिती नकोच आहे, वडिलांशी बोलताना शेजारी कुणीतरी हवं आहे.

पहिल्या गटात एक प्रकार वेगळा काढावा लागतो: अनिर्णयी स्वभाव. ओळखायची खूण सोपी आहे. मोबाइल घेताना, हॉटेलात ऑर्डर देताना, सहलीला जायचं की नाही हे ठरवतानाही असाच घोळ होतो का? होत असेल, तर अडचण करिअरची नाही. त्यामागे बहुधा चिंता असते. अशा वेळी कलचाचणी नको, समुपदेशक हवा.

बाकीच्यांनी वहीचं एक पान घ्यावं. डावीकडे ५ निकष लिहा, महत्त्वाच्या क्रमाने. ‘चांगला पगार’ असं मोघम नको. ‘पहिल्या वर्षी किमान इतके, पण तडजोड इतक्यापर्यंत’ असं लिहा. ‘घरापासून जवळ’ नको. ‘ठाणे-वाशी लोकलने एका गाडीत, ऐरोली-घणसोलीपर्यंत चालेल’ असं लिहा. उजवीकडे डोक्यात असलेले सगळे पर्याय लिहा. आता ते पहिल्या निकषाने चाळा, मग दुसऱ्याने. ७ किंवा त्याहून कमी पर्याय उरले की थांबा. गळालेल्यांवर एकदा नजर टाका: एखादा आवडता पर्याय एकाच निकषावर, थोडक्यात गेला असेल, तर तो निकष तपासा. गडबड इथेच होते, कारण निकष पुष्कळदा आपले नसून व्हॉट्सअॅप ग्रुपचे असतात.

उरलेल्यांपैकी दोन-तीन कामं करणारी माणसं गाठा. वीस मिनिटं पुरतात. ‘स्कोप आहे का?’ हे विचारू नका. त्याला ‘हो, मेहनत केली तर’ याशिवाय उत्तर नसतं. ‘काल सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काय काय केलंत?’ हे विचारा. रोज चार तास एक्सेल आहे की चार तास फोन, हे तिथे कळतं.

एमपीएससीचं वेगळं बोलायला हवं. खुल्या गटाला साधारण ३८ वर्षांपर्यंत वयोमर्यादा आहे, त्यामुळे बाविसाव्या वर्षी ‘अजून वेळ आहे’ हे खरंच वाटतं, आणि कुठलाच पर्याय कधी बंद करावा लागत नाही. म्हणून फॉर्म भरतानाच लिहून ठेवा: किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि नाही झालं तर त्या पानावरचा दुसरा पर्याय कोणता.

आता पालकांसाठी. ‘तुला जे करायचं ते कर’ हे वाक्य उदार वाटतं, पण मुलाच्या कानाला ते ‘चुकलास तर तुझं तू’ असं ऐकू येतं. त्यापेक्षा आकडा सांगा: फीसाठी घरातून इतके मिळतील, इतकी वर्षं कमावलं नाहीस तरी चालेल. मुलाच्या पानावरचे दोन निकष तिथल्या तिथे भरले जातात.