मुक्कामी सायकल

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरला की साताऱ्यातून सायकली बाहेर पडायला लागतात. कोणी यवतेश्वरचा घाट चढून कासवरून बामणोलीला जातं, कोणी ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे. सांगलीची मंडळी दंडोबाला निघतात. पूर्वी बहुतेक जण संध्याकाळपर्यंत घरी परतायचे. आता कॅरिअरला तंबू बांधून मुक्कामाला जाणारी तरुण मुलं-मुली पुष्कळ दिसतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद वाटतो. माझं सायकलचं दुकान आहे, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी ही मुलं माझ्याकडे येतात. ब्रेक बघा, गिअर बघा, पंक्चरचं सामान द्या, सगळं आठवणीनं सांगतात. रात्री सायकल कुठे राहणार, हे मात्र मलाच विचारावं लागतं. "तंबूच्या बाहेर, कुलूप लावून," एवढंच उत्तर येतं. ते पुरेसं नाही, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी कुलपाचं बोलू. बहुतेकांकडे प्लॅस्टिकच्या आवरणातली तारेची केबल असते. स्वस्त, हलकी, सीटखाली गुंडाळून ठेवता येते. मध्यंतरी अशी एक कापलेली केबल माझ्याकडे आली. बाहेरून चांगली करंगळीएवढी जाड. आवरण सोललं तर आत बारीक तारांचा पीळ, जेमतेम निम्म्या जाडीचा. आणि कापलेलं टोक अगदी सपाट, एकही तार लोंबत नव्हती. म्हणजे कटर एकदाच दाबला आणि काम झालं. चहाच्या टपरीसमोर, सायकल डोळ्यांपुढे असताना ही केबल ठीक आहे. रात्री तिच्या भरवशावर झोपू नका. रात्रीसाठी यू आकाराचं पोलादी कुलूप घ्या, नाहीतर कडक पोलादाची साखळी. किलो-दीड किलो वजन वाढतं आणि घाट चढताना ते जाणवतं, हे मला माहीत आहे. चौघे असाल तर एक यू-लॉक आणि एक लांब साखळी घ्या, आणि वजन आपसात वाटून घ्या.

लावायचं कसं, तेही महत्त्वाचं आहे. नुसतं पुढच्या चाकाला कुलूप लावून निघून जाणारे पुष्कळ आहेत. हल्लीच्या बऱ्याच सायकलींच्या चाकाला क्विक रिलीज असतं, म्हणजे दांडी फिरवली की पान्याशिवाय चाक सुटतं. मग कुलूप आणि चाक तिथेच राहतं आणि बाकीची सायकल जाते. कुलूप मागचं चाक आणि फ्रेम या दोन्हींतून ओवून पक्क्या वस्तूला अडकवा. ते जमिनीला टेकू देऊ नका, कारण खाली दगड असला की वरून हातोड्याचा घाव पुरा बसतो. यू-लॉकमध्ये पहार घालता येईल एवढी मोकळी जागाही सोडू नका. आणि किल्लीचं भोक खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे दव किंवा पाऊस आत जात नाही. दुसरी किल्ली सोबत्याकडे द्या.

आता पक्की वस्तू कोणती? माळावर हा खरा प्रश्न पडतो. शेताच्या कुंपणाचा खांब पक्का दिसतो, पण तो हलवून बघा, बरेचदा नुसता मातीत रोवलेला असतो आणि वर ओढला की निघतो. कोवळं झाड कोयत्याच्या दोन घावांत पडतं, आणि तुमच्या सायकलीपायी झाड गेलं तर ते आणखी वाईट. जुन्या झाडाचा जाड बुंधा चांगला, मात्र सालीला साखळी काचू नये म्हणून मध्ये गोणपाट घाला. विजेच्या खांबाला सायकल कधीही बांधू नका, ओलीत तर जिवाशी खेळ होतो. गावातला हापसा भक्कम असतो हे खरं, पण पहाटे बाया पाण्याला येतात आणि तुमच्या सायकली आडव्या. ऊसतोडीच्या हंगामात शेतात उभी असलेली ट्रॉलीही मोहात पाडते. ती कधी पहाटे चारला कारखान्याकडे निघेल, सांगता येत नाही. शाळेच्या व्हरांड्याचा खांब, देवळाच्या सभामंडपाचा लोखंडी खांब, विहिरीवरच्या पंपघराचं दार, ही जागेच्या धन्याला विचारून वापरायची ठिकाणं.

काहीच मिळालं नाही तर सायकली एकमेकींना बांधा. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, आणि साखळी सगळ्या फ्रेममधून. अशा चार सायकली उचलायला चार माणसं लागतात, आणि त्यांना गपचूप चालता येत नाही.

श्रोतेहो, कुलूप चोराला थांबवत नाही, त्याचा वेळ खातं. त्या वेळात कोणीतरी जागं झालं तरच त्याचा उपयोग. म्हणून सायकल तंबूपासून हाताच्या अंतरावर ठेवा, आणि तिला हात लागला तर तुम्हाला कळेल अशी सोय करा. बैलाच्या गळ्यातली जुनी घुंगरं बाजारात मिळतात, त्यातली दोन-चार हँडलला बांधा. किंवा सायकलीपासून एक बारीक दोरी तंबूच्या काठीला आणा, सायकल हलली की तंबू हलतो. दोरी स्वतःच्या पायाला मात्र बांधू नका, झोपेत उठून बाहेर निघालात तर तोंडावर आपटाल.

पुढचं चाक काढून तंबूत घेणं हा मला सगळ्यात आवडणारा उपाय. चाक काढायला अर्धं मिनिट लागतं, आणि एका चाकाची सायकल चालवत नेता येत नाही, खांद्यावरच न्यावी लागते. दिवे, पंप, मीटर, बॅगा तर सगळं आतच. रात्रीत सायकल शाबूत राहते आणि दिवा जातो, असंही होतं.

पण आवाजावर सगळं सोडू नका. पाऊस पडायला लागला की तंबूच्या कापडावर थेंबांचा एवढा गजर होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर वारा असा वाहतो की घुंगरं रात्रभर वाजतच राहतात, मग त्यांचा काय उपयोग? अशा ठिकाणी सायकल भिंतीच्या आत हवी. सायकलीत लपवायचे ट्रॅकरही हल्ली मिळतात. त्यांतले बरेचसे आसपासच्या फोनमधून आपली जागा कळवतात. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठी, जिथे मैलभर फोनच नाही, तिथे ते मुके होतात.

भिंतीच्या आत जागा मिळायची तर माणसांशी बोलावं लागतं, आणि मला वाटतं आपली मुलं इथेच कमी पडतात. अंधार पडल्यावर गुपचूप माळावर तंबू ठोकतात, कोणाला त्रास नको म्हणून. हेतू चांगला असतो. पण त्यामुळे तुम्ही तिथे आहात हे चोराशिवाय कोणालाच माहीत नसतं. उजेड असताना गावात जा. पोलीस पाटलांना भेटा, ते नसतील तर सरपंचांना, नाहीतर पारावर बसलेल्या आजोबांना नमस्कार करून विचारा, "आजोबा, आज रात्री इथं मुक्काम केला तर चालेल का? सायकली कुठं लावू?" आपल्या भागात याचं उत्तर बहुधा असं येतं, "हितं कशाला, आमच्या सोप्यात लावा की. कोन न्हेतंय!" सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, लावलेल्या सायकलीवर घरच्यांची नजर असते, घरच्या कुत्र्याचे कान असतात. गोठ्यात जागा दिली तर जनावरांच्या पायांपासून लांब लावा. मंगल कार्यालयं, पेट्रोल पंप, हमरस्त्यावरचे ढाबेही विचारल्यावर जागा देतात.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. गावातली मुलं गिअरच्या सायकलीभोवती जमतात, घंटी वाजवतात, एक चक्कर मारू का म्हणून विचारतात. त्यांना हाकलू नका. संध्याकाळीच अंगणात एक फेरी मारू द्या. ज्यानं तुमची सायकल चालवली, तो दुसऱ्या दिवशी ती कोणी नेताना बघितलं तर ओळखतो आणि ओरडतो.

कासच्या पठारावर तंबू ठोकायचा नसतोच, ते जागतिक वारसा स्थळ आहे, फुलं तुडवली जातात. मुक्काम खाली किंवा पुढे करा.

आणि पहाटे सावध राहा. रात्रभर जपलेली सायकल उजाडताना जाते, कारण सगळे एकदम नदीवर किंवा चहाला जातात. एक जण तंबूपाशी थांबायलाच हवा.

निघण्यापूर्वी घरी एक काम करा. सायकल उलटी करा, पेडलच्या आसाखाली फ्रेमवर बहुधा एक नंबर ठोकलेला असतो. त्याचा फोटो काढा, पूर्ण सायकलचा काढा, बिलाचाही काढा आणि घरच्या कोणाकडे पाठवून ठेवा. पूर्वी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असायचा, आता ओळख पटवायला हा नंबरच आहे.

तरीही चोरी झालीच, तर 112 वर फोन करा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. बामणोलीला सायकल गेली आणि तुम्ही साताऱ्यात पोचलात, तरी चालतं. ऑनलाइन खबर दिलीत तर 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते. तंबूत शिरून कोणी सामान नेलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये राहत्या घराप्रमाणे राहत्या तंबूचाही उल्लेख आहे, आणि शिक्षा 7 वर्षांपर्यंत आहे. खबरीची प्रत तुम्हाला मोफत मिळते, ती मागून घ्या.

नमस्कार.