आतडं तुटतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याहून दौंडकडे निघालं की उरुळी, यवत मागे पडतं आणि केडगाव येतं. गाडी थांबते, चार माणसं उतरतात, चार चढतात, गाडी सुटते. या गावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, म्हणजे निराधार बायकामुलींचा आश्रम, आहे. आज मी बोलणार आहे ते त्या मिशनबद्दल कमी आणि ते उभं करणाऱ्या बाईला कधी काळी लागलेल्या भुकेबद्दल जास्त.

रमाबाईंची ओळख आपल्याला शाळेच्या पुस्तकातून झालेली असते. संस्कृतच्या पंडिता, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या, विधवांना शिकवणाऱ्या. पण त्याच्या आधीची रमा डोळ्यांसमोर आणा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. घरदार नाही, तीर्थक्षेत्रांमधून पुराणं सांगत फिरणारं कुटुंब. दक्षिणेत दुष्काळ पडला आणि जवळचं होतं नव्हतं ते संपलं. मजुरी करायची तर शास्त्र्याच्या घराला ते कमीपणाचं, आणि भीक मागायची तर लाज. अखेर ही माणसं रानात शिरली. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर, एवढ्यावर काढले. शास्त्रीबुवांना दिसेनासं झालं होतं, अंगात त्राण नव्हतं. त्यांनी तळ्यात जलसमाधी घ्यायचं ठरवलं आणि धाकट्या लेकीला जवळ घेऊन निरोप दिला. तेवढ्यात मुलगा पुढे झाला. म्हणाला, कुळाचा अभिमान बाजूला ठेवतो, मोलमजुरी करतो, पण तुम्ही असं जाऊ नका. जलसमाधी टळली, पण अंगातली ताकद केव्हाच संपली होती. वडील गेले, मग आई गेली, मग मोठी बहीणही गेली. आईला उचलायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन मिळाली. बहीणभाऊ धरून चौघांनी तिरडी नेली आणि रमा उंचीनं कमी, म्हणून तिच्या वाटचा भार तिनं डोक्यावर घेतला.

उरलेले बहीणभाऊ पायी उत्तरेकडे निघाले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीचे दिवस होते आणि पांघरायला काही नव्हतं. तेव्हा दोघांनी वाळूत माणूस मावेल असे दोन खड्डे खणले, त्यात आडवे झाले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. रात्र काढायची ही त्यांची रीत.

हे सगळं सांगायचं कारण असं. दुःखाच्या वेळी श्रद्धा काय कामाची, हा प्रश्न निघाला की आपण लगेच उत्तरं शोधायला लागतो. देवानं हे का होऊ दिलं, कुठल्या पापाचं हे फळ, यातून काय शिकवायचं आहे. माझे वडील गेले तेव्हा एका बुजुर्गांनी मला अर्धा तास समजावलं की यामागे प्रभूची योजना आहे. भले गृहस्थ, पण त्यांचं एक वाक्य मला आज आठवत नाही. शेजारच्या काकू आल्या, काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या आणि नासेल म्हणून दूध तापवून ठेवलं. ते दूध आठवतं.

शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, लाजराच्या मरणाची गोष्ट आहे. मार्था आणि मरिया, दोघी बहिणी येशूला तोंडावर म्हणतात की तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता. सरळ तक्रार आहे ही. येशू त्यावर मरियेला उपदेश करत बसत नाही. "येशू रडला", एवढंच वाक्य आहे. थोड्या वेळात लाजराला मरणातून उठवायचं आहे हे ठाऊक असूनही रडला. मला हे वाक्य पुष्कळ प्रवचनांपेक्षा जवळचं वाटतं.

आणखी एक शब्द बघा. मराठी बायबलात येशूबद्दल पुन्हा पुन्हा येतं की लोकांना पाहून त्याला कळवळा आला. वाटेत लुटून, मारून टाकलेल्या माणसाला बघून येशूच्या गोष्टीतल्या त्या शोमरोन्यालाही, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या परक्या माणसालाही, कळवळाच येतो. मूळ ग्रीक शब्द आहे तो आतड्यांवरून आलेला. म्हणजे आपण म्हणतो ना, पोटात तुटलं, आतडं पिळवटलं, अगदी तेच. दया लांबूनही करता येते. कळवळा येतो तो पोटातून, आणि मग पाय जागेवर राहत नाहीत. शोमरोनी जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, आणि निघताना मालकाच्या हातावर पैसे ठेवून सांगितलं, जास्त लागले तर परत येताना देईन. कळवळ्याला खर्चाचा हिशोबही असतो बरं का!

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. समाजानं टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती जोगिणी, म्हणजे नन, जवळ करतात हे पाहून त्या हलल्या होत्या. पुढं १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. रमाबाई तेव्हा पुण्यात, मुंबईहून तिथं हलवलेलं शारदा सदन चालू होतं, हात आधीच भरलेले. पण बातमी वाचणाऱ्या बाईनं स्वतः पाला खाल्लेला होता. त्या उठून तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या. एकदा नव्हे, खेपांमागून खेपा. पुण्यात प्लेगची धामधूम. इतक्या जणींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर तात्पुरत्या झोपड्या आणि राहुट्या उभारल्या. मुक्ती सदनाची सुरुवात ही अशी, अडचणीतून झालेली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. दोन हजार तोंडांना रोज किती धान्य आणि किती पाणी लागत असेल, विचार करा. विहिरी, चुली, माग, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं त्या मुलींच्याच हातांनी चालायचं.

आता एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भुकेल्याला अन्न द्यायचं आणि त्याच ताटाबरोबर धर्मही वाढायचा, हे बरोबर का? ज्याच्या पोटात काही नाही त्याला नाही म्हणायची मोकळीक कितीशी असते? रमाबाईंवर त्यांच्या हयातीतच यावरून टीकेची झोड उठली. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि मला हा प्रश्न टोचतो. तो टोचत राहावा, असंच मला वाटतं. पण दुसरी बाजूही आहे. दुष्काळी छावण्यांभोवती पोरींना फूस लावून नेणारी माणसं टपलेली असायची. रमाबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या मुलींना न्यायला कुणीच गेलं नसतं असं नाही, कोण गेलं असतं हा मुद्दा होता.

आणि रमाबाई राज्यकर्त्यांच्या धर्माच्या झाल्या म्हणून राज्यकर्त्यांपुढे गप्प बसल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली बायकांना कसं वागवलं जातं यावर त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सरकारला ते झोंबलं. कळवळा म्हणजे नुसता ओलावा नव्हे, त्यात संतापही येतो.

आंधळ्या मुलींसाठी त्यांनी काढलेल्या घराचं नाव बार्तीमी सदन. बार्तीमय हा यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेला आंधळा. तो ओरडायला लागल्यावर लोक त्याला गप्प करतात. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? समोर आंधळा उभा आहे, काय हवं ते उघड आहे, तरी विचारतो. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली होती. केडगावच्या मुली ठिपक्यांवरून बोटं फिरवत वाचायला लागल्या.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. बायामाणसांना वाचता यावं म्हणून. १९२१ मध्ये मनोरमा गेली. पोटच्या लेकीनंतर आई वर्षभरही राहिली नाही, ५ एप्रिल १९२२ ला तीही गेली. भाषांतराचं पुस्तक १९२४ मध्ये निघालं. छापलं केडगावच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी, अक्षरांचा एकेक खिळा जुळवून.